चाचणी पान

आज पुन्हा म्हणाला, निळी संपली.
मी म्हटलं, बाबा रे, मला काळंच छापायचंय:
"मेतकूट, घरगुती, २०० ग्रॅम",
खाली तारीख, त्याखाली माझा नंबर.
यात निळं काय आहे?
तो दिवा मिचकावत राहिला
मांडवात रुसून बसलेल्या व्याह्यासारखा,
मला काही नको हो, पण निळी कुठाय?

जेल रोडवरून आणला तेव्हा
दुकानदार म्हणाला होता, "भाभीजी, आँख मींच के ले जाओ."
तशीच घेऊन आले.
शाईचा संच मशीनपेक्षा महाग
हे डोळे उघडल्यावर कळलं.

वायफायची पेटी त्याच्या उशाशीच आहे,
तरी म्हणतो मला कुणी दिसत नाही.
मग म्हणतो आधी अपडेट.
मग म्हणतो खातं उघडा, जन्मतारीख सांगा,
पासवर्डात एक आकडा, एक चिन्ह, एक मोठं अक्षर.
माझ्या घरात, माझ्या विजेवर,
सासूबाईंच्या हातचं प्रमाण असलेल्या मेतकुटाला
एवढी जामीनदारी!

शुक्रवारी लोकमान्य नगरात महिला मंडळाची विक्री.
चाळीस डब्या भरून तयार,
नुसत्या, बिननावाच्या.

फोन लावला.
पस्तीस मिनिटं बासरी.
मधूनमधून एक बाई सांगे की माझा कॉल त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे.
तेवढ्यात मी धणे भाजले, जिरं भाजलं,
डाळ लागली थोडी खाली.

मग एक मुलगा आला, निनाद म्हणून.
"मैडम, मैं आपकी स्क्रीन ले रहा हूँ."
आणि पडद्यावरचा बाण आपला आपण चालू लागला.
मी हात मांडीवर घेऊन बसले.
कुणी चपला न काढता थेट माजघरात यावं तसं वाटलं.
त्यानं दिवाळीचा हिशेब उघडला, मिटला.
ह्यांचे डॉक्टरचे रिपोर्ट उघडले,
पटकन मिटले. तेवढी रीत होती त्याला.
मग बाण एका जागी थांबला.
मेतकुटावर.

बराच वेळ काही बोलला नाही.
मग आवाज अगदी खाली:
"काकू, मऊ भातावरचं ना हे?
मी पुसदचा."
मी म्हटलं, अरे मग आधी नाही का सांगायचं—
"मैडम, अब एक बार रीस्टार्ट कीजिए."
रेकॉर्ड होत असतं म्हणे सगळं.

रीस्टार्ट केलं.
घरघरला, खाकरला,
आणि सावकाश एक पान बाहेर सोडलं.
चाचणी पान.
काय देखणं!
पिवळा पट्टा, गुलाबी पट्टा, काळी रेघ केसासारखी बारीक
आणि निळा.
हो, निळासुद्धा. पैठणीच्या काठासारखा.

"समाधान हुआ, मैडम?"
मी म्हटलं, झालं.
नंतर एक ते पाच आकडे दाबायला सांगितले,
पाच दाबला.
त्या पोराचा काय दोष!

मग लेबल पाठवलं.
निळी संपली.

एव्हाना माझ्याकडे एकवीस चाचणी पानं जमलीत.
ते मात्र तो केव्हाही देतो, मागाल तितकी,
अर्ध्या रात्रीसुद्धा,
कामाचं सोडून सगळं काम करणाऱ्या जावयासारखा.
पाठी कोऱ्या असतात त्यांच्या.
सियागंजची यादी मी आता त्यावरच करते.

गुरुवारी रात्री कात्री घेतली.
एकेका पानाचे दोन तुकडे, कोऱ्या बाजूवर
बॉलपेननं चाळीस वेळा मेतकूट.
विसाव्यापर्यंत अक्षर शाळेतल्यासारखं आलं,
पुढचं सांगत नाही.
मनगटाला बाम लावून झोपले.

शुक्रवारी कारखानीस बाईंनी डबी उजेडात धरली.
पारदर्शक झाकणातून आत पट्टे दिसत होते,
पिवळा, गुलाबी, निळा.
म्हणाल्या, "वा, हे डिझाइन कुठून करून आणलंत?"

म्हटलं, घरीच छापते.